ओहोटीच्या वेळी कॅमेरा

पावसाळा सुरू झाला की जव्हार-मोखाड्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या दाभोशाच्या धबधब्याकडे वळतात. लेंडी नदी तिथं कड्यावरून खाली झेपावते आणि समोर उभी असलेली माणसं मोबाइल वर धरून फोटो काढत राहतात. हे पाणी पुढं दमणगंगेला मिळतं आणि दमणजवळ अरबी समुद्रात जातं. पण धबधब्याचे दोनशे फोटो काढणारा हाच माणूस परतताना डहाणूच्या किनाऱ्यावर थांबला, तर सूर्यास्ताचा एक फोटो काढतो, भजी खातो आणि निघतो. पाहण्यासारखं जे असतं ते सूर्याकडे नसून पायाखाली असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

समुद्रातल्या जिवांचे फोटो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळंशार पाणी, पाठीवर हवेची नळकांडी आणि रंगीत मासे येतात. दूरचित्रवाणीनं करून दिलेली ही सवय आहे. आपल्या उत्तर कोकणात तसं पाणी नाही. नर्मदा, तापी आणि इतर नद्या खंबातच्या आखातात गाळ आणून ओततात, भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह तो सतत ढवळत ठेवतात, आणि पालघर-मुंबईचा समुद्र बाराही महिने मातकट दिसतो. पाण्याखाली हात लांब केला तर पंजा दिसेल याची खात्री नाही. बुडी मारून फोटो काढायचे तर मालवण-तारकर्लीला जावं, किंवा त्याहून पुढं, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रे बँकेच्या प्रवाळांकडे. ते खर्चाचं काम आहे.

मात्र निसर्गानं इथं एक वेगळी सोय केली आहे. दक्षिण कोकणापेक्षा उत्तरेकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा. मुंबईत उधाणाची भरती जवळजवळ पाच मीटरपर्यंत चढते, आणि ओहोटीला तेच पाणी इतकं मागं हटतं की समुद्राचा तळच काही तास उघडा पडतो. खाली उतरायची गरज नाही, समुद्रच बाजूला होतो. बोर्डी, डहाणू, वाढवण या पट्ट्यात ज्या ज्या ठिकाणी खडक आहेत, तिथं खळग्यांत पाणी साचून राहतं आणि त्या पाण्यात अडकलेली सृष्टी आपल्याला चालत जाऊन पाहता येते.

यासाठी वेळ साधावी लागते. आपल्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. म्हणजे पंचमीला पावणेचारच्या सुमाराला भरती, आणि तिच्या सहा तास आधी किंवा नंतर, दहाच्या आसपास, ओहोटी. उत्तरेकडे जावं तशी वेळ थोडी पुढं सरकते, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्यावी. दिवस निवडायचा तो उधाणाचा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या लगतचा. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी फारसं हटत नाही आणि फेरी वाया जाते. ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड-दोन तास आधी खडकांवर उतरावं आणि पाणी वळलं की आपणही वळावं. हा नियम मोडू नये. पाणी समोरून येताना दिसतं, पण पाठीमागची पन्हळ आधी भरते आणि माणूस खडकावर अडकतो. पायात घट्ट बूट हवेत. कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात, हे कालवं काढणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

काय दिसतं? पहिली दहा मिनिटं काहीच नाही. शेवाळ, दगड, चिखल. मग डोळा बसतो. हिरवट-तपकिरी बटणं दाटीवाटीनं शिवून ठेवल्यासारखा एक गालिचा दिसतो, ते जिवंत प्राणी असतात. समुद्रफुलं दिसतात, ती स्पर्श झाला की मिटतात. रिकामा शंख चालू लागला की आत खेकडा आहे हे कळतं. कवच नसलेल्या, नखाएवढ्या रंगीत समुद्री गोगलगायी दिसतात. चिखलावर निवट्या उड्या मारतात. नशीब असेल तर एखाद्या कपारीत अष्टपाद बसलेला असतो, आणि तो आपल्याकडे पाहत असतो. वलगणीचे मासे आणि ओढ्यातल्या चिंबोऱ्या पाहून वाढलेल्या जव्हारच्या मुलांचा डोळा यासाठी शहरातल्या मुलांपेक्षा लवकर तयार होईल, असं मला वाटतं.

फोटोसाठी साधा मोबाइल पुरतो. अडचण असते ती पाण्यावरच्या चकाकीची. आकाश पाण्यात उमटतं आणि खालचा जीव हरवतो. उपाय सोपा आहे. काळी छत्री उघडून खळग्यावर सावली धरावी, म्हणजे तळ स्वच्छ दिसतो. उभ्यानं फोटो काढू नये, गुडघ्यावर बसावं. एक फोटो जवळून, एक थोडा लांबून, आजूबाजूचा खडक दिसेल असा. शेजारी एक नाणं ठेवलं तर आकार कळतो. फ्लॅश टाळावा, आणि घरी आल्यावर मोबाइलवरचा खार ओल्या फडक्यानं पुसावा, नाहीतर छंद महागात पडतो.

आता नियमांकडे येतो. प्राणी उचलून तळहातावर ठेवून काढलेला फोटो मला वाईट वाटतो, आणि नुसता चवीचा प्रश्न नाही. सुंदर नक्षीचे शंकूसारखे काही शंख विषारी असतात. त्यांच्यातला जीव सुईसारखा दात मारतो. पाकटाची नांगी काय करते हे गिरगाव चौपाटीवर २०१३ च्या गणेश विसर्जनात अनेक भाविकांनी अनुभवलं. पण धोका दोन्ही बाजूंनी आहे. दगडाखालचे जीव सावलीत, ओलाव्यात जगतात. आपण दगड उलटा करून फोटो काढतो आणि तसाच टाकून जातो, तेव्हा त्यावरची अख्खी वस्ती उन्हात वाळते. दगड हलवूच नये. हलवलाच तर जसा होता तसा, हळूच, परत ठेवावा. शिवाय जीव जागेवरून हलवला की फोटो खोटा ठरतो. तो कुठं राहत होता, कशाला चिकटला होता, ही माहितीच पुसली जाते.

आणि ही माहितीच मोलाची असते. २०१७ साली मुंबईत प्रदीप पाताडे, सिद्धार्थ चक्रवर्ती आणि अभिषेक जमालाबाद यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर न्यायचं, दिसेल त्याचा फोटो काढायचा, तारीख आणि ठिकाण लिहायचं. ज्या किनाऱ्याला सगळे गटार समजत होते, तिथं शेकडो जातींची नोंद झाली. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हेही सामान्य मुंबईकराला अशाच छायाचित्रांतून कळलं. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्यामुळं सागरी किनारा मार्गाच्या कामात २०२० मध्ये प्रवाळांच्या १८ वसाहती परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या. हलवणं हा चांगला उपाय होता का, यावर वाद होऊ शकतो. पण ज्याची नोंदच नसते, त्याच्याबद्दल वादही होत नाही.

हे पालघरच्या श्रोत्यांना मी मुद्दाम सांगतो आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. त्याच तालुक्यात वाढवणला मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आणि त्यासाठी चौदाशे हेक्टरहून अधिक समुद्रात भराव घालण्याची योजना आहे. तुम्ही बंदराच्या बाजूचे असा वा विरोधातले, एक गोष्ट दोघांनाही मान्य व्हावी. भरावाखाली नंतर फोटो काढता येत नाही. आज या पट्ट्यातल्या खडकांवर काय आहे याची तारीखवार छायाचित्रं असतील, तर दहा वर्षांनी काय उरलं हे सांगता येईल. नसतील तर ‘तिथं काही नव्हतंच’ हे वाक्य ऐकून घ्यावं लागेल. हे काम मुंबईहून कुणी येऊन करण्यापेक्षा चिंचणी-डहाणूच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी दर उधाणाला करावं, असं माझं मत आहे.

फोटोची किंमत मच्छीमारांनाही कळली आहे. जाळ्यात अडकलेलं कासव, देवमासा किंवा बहिरी मासा असा संरक्षित जीव सोडवायचा तर जाळं कापावं लागतं, आणि नुकसान त्यांचं होतं. डिसेंबर २०१८ पासून राज्य शासन अशा जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. अट एक : जीव समुद्रात सोडल्याचा फोटो किंवा चित्रफीत हवी.

कासवाचंच सांगून थांबतो, कारण पावसाळ्यात डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावर जखमी कासवं वाहून येतात आणि ती तुम्हालाही दिसू शकतात. फोटो पाठीच्या बरोबर वरून, सगळं कवच येईल असा काढा. मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या खवल्या मोजता आल्या पाहिजेत. हिरव्या कासवाला दर बाजूला चार असतात, ऑलिव्ह रिडलेला बहुधा सहा किंवा जास्त. दुसरा फोटो डोक्याचा, तिसरा जखमेचा. त्याला ढकलून पाण्यात सोडू नका. थकलेलं कासव बुडतं. पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, कुत्री हाकला आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. डहाणूत कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. तिथल्या लोकांना पहिला प्रश्न पडतो तो कासव कुठं आणि किती वाजता सापडलं हा, आणि त्याचं उत्तर तुमच्या मोबाइलमधल्या फोटोत असतं.