टक्केवारीच्या खालचा आकडा

जून 2021 मध्ये संध्याकाळ झाली की फोन सुरू व्हायचे. महाद्वार रोडचा कापडवाला, राजारामपुरीतला मोबाइल दुकानदार, लक्ष्मीपुरीतले भांडीवाले अण्णा, सगळ्यांचा प्रश्न एकच : "आज पर्सेंटेज किती आलं?" 7 जूनपासून राज्याने करोना निर्बंधांचे पाच स्तर लागू केले होते. आठवड्याचा पॉझिटिव्हिटी दर 10 ते 20 टक्क्यांत असला की चौथा स्तर, म्हणजे अत्यावश्यक सोडून बाकी दुकाने बंद. कोल्हापूर चौथ्यात अडकले होते. मी आरोग्याची बातमीदारी करायचो, म्हणून हे फोन माझ्याकडे.

ही टक्केवारी जिथे तयार व्हायची तिथला एक डेटा एंट्री ऑपरेटर मला म्हणाला होता, "सर, वरचा आकडा सगळे विचारतात. छेद कुणी विचारत नाही." पॉझिटिव्ह किती, हे सगळ्यांना ठाऊक असायचे. पण भागायचे कितीने आणि त्या संख्येत कोण-कोण धरलेत, हे त्याच्यासारख्या मोजक्यांनाच माहीत असायचे.

त्या दिवसांत विनाकारण फिरणाऱ्यांना चौकात अडवून अँटिजेन चाचणी व्हायची. बहुतेक धडधाकट माणसे, त्यामुळे पॉझिटिव्ह थोडेच निघायचे. समजा, आठवड्यात 1000 आरटीपीसीआरमध्ये 150 पॉझिटिव्ह आले, दर 15 टक्के. त्यात चौकातल्या 3000 अँटिजेन मिळवल्या आणि त्यांत 90 निघाले, तर एकूण 4000 मागे 240, म्हणजे 6 टक्के. जिल्हा चौथ्यातून तिसऱ्या स्तरात, दुकाने उघडी. गावातला आजार मात्र तसूभरही कमी झालेला नाही. शिवाय अँटिजेनच्या हातून बाधित निसटायचे. आयसीएमआरने जून 2020 मध्येच दोन तपासण्यांचा निष्कर्ष सांगितला होता : शंभर बाधितांतले 50.6 ते 84 एवढेच तिला सापडतात. म्हणूनच लक्षणे असून अँटिजेन निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर करा, असा नियम होता. पण गर्दीच्या केंद्रावर निगेटिव्ह चिठ्ठी हातात पडली की माणूस खुशाल घरी जायचा.

25 जूनला राज्याने आदेश काढला, दर फक्त आरटीपीसीआरवरच मोजायचा. भांडीवाले अण्णा चिडले. "आता ज्याला ताप आहे त्याचीच तपासणी मोजणार, मग आकडा उतरायचा कसा?" त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. घशातला स्वॅब द्यायला येणारा बराचसा लक्षणे असलेला किंवा घरात रुग्ण असलेला. तिथला दर चढाच राहणार. तरी मला तो आदेश बरोबर वाटला. छेद हवा तसा फुगवायची वाट त्याने बंद केली.

ऑपरेटरची डोकेदुखी वेगळीच होती. ऑफिसने किंवा शेजाऱ्यांनी अडवले म्हणून बरे झालेले लोक "निगेटिव्ह सर्टिफिकेट"साठी परत स्वॅब द्यायचे. पॉझिटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर पुन्हा करू नका, असे आयसीएमआरने 4 मे 2021 ला कळवले होते, पण रांगेतल्या माणसाला ते कोण सांगणार? मोबाइल नंबरवरून दुबार नावे शोधावीत, तर एकत्र कुटुंबातल्या आठ जणांच्या फॉर्मवर एकच नंबर. नावावरून शोधावे, तर एकाच माणसाचे आडनाव तीन फॉर्मवर तीन तऱ्हांनी लिहिलेले. रात्री उशिरा तो वय, गाव आणि नंबर ताडून एकेक ओळ लाल करत बसायचा. त्या लाल ओळींची बातमी कधीच झाली नाही. ती व्हायला हवी होती, असे मला आजही वाटते.

व्यापाऱ्यांचे खरे दुखणे मात्र शहराचे होते. 2011 च्या जनगणनेनुसार दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकाच स्वतंत्र एकक. कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचे, त्यामुळे ते 38 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या संपूर्ण जिल्ह्यात धरलेले. करवीर किंवा हातकणंगले तालुक्याचा आकडा चढला की महाद्वार रोडचे शटर खाली. "आमचा दर वेगळा काढा," ही मागणी रास्त होती. फक्त शहरातल्या केंद्रांवर आजूबाजूच्या खेड्यांतले लोकही स्वॅब देत, त्यामुळे फॉर्मवर पत्ता कुठला लिहिला, यावर अर्धा हिशेब अवलंबून.

स्तर ठरवायचा दुसरा निकषही पाच स्तरांच्या आदेशात होता, ऑक्सिजन बेड किती भरलेत हा. त्याबद्दल मला एकाही फोनवर विचारणा झाली नाही. सीपीआर रुग्णालयातला बेड भरलाय की रिकामा, हे चौकातल्या चाचण्यांनी बदलत नाही. आजार किती भारी पडतोय, ते तिथे दिसते, थोडे उशिराने का होईना. पुढे मी फोनवर टक्केवारी सांगण्याआधी तीन आकडे द्यायला लागलो : आरटीपीसीआर किती, अँटिजेन किती, ऑक्सिजनवर किती. भांडीवाले अण्णा ते वहीत उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी मलाच विचारत, "काल स्वॅब निम्म्यावर कसे आले हो?" तो रविवारचा आकडा असायचा.