ओलित करताना उंदरांपासून होणारा लेप्टोस्पायरोसिस

अंतरवाली सराटीच्या (ता. अंबड) शिवारात उंदराने कुरतडलेला ऊस लगेच दिसतो, उंदराच्या मूत्रपिंडातले लेप्टोस्पायरा जिवाणू दिसत नाहीत. उंदीर सहसा आजारी पडत नाही, मात्र लघवीवाटे जिवाणू ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात सोडत राहतो. अनवाणी दारे धरणाऱ्याच्या पायांच्या भेगांतून ते शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याचीच साथ आली होती.

ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे असतील तर नुसत्या अंगदुखीच्या गोळीवर दिवस काढू नका. माणसाचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. आपण पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेत प्रतिजैविके मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. ओलित करताना गमबूट घाला, जखम झाका. गाय गाभडली तर वार उघड्या हाताने उचलू नका. जनावरांतही हा रोग असतो.