छातीतले पाणी काढायला घाबरू नका

परभणीच्या वस्त्यांत आरोग्याचे काम करताना एक वाक्य आमच्या कानावर सारखे येते : ‘छातीतले पाणी काढले की माणूस वाचत नाही.’ या भीतीने लोक तपासणी टाळतात आणि आजार आत वाढत राहतो.

फुप्फुसाभोवती पाणी साचण्याचे आपल्याकडचे एक मोठे कारण म्हणजे टीबी. न्यूमोनिया, कॅन्सर, हृदयाचे व किडनीचे आजार यांतही पाणी होते. कारण कोणते, हे कळायला बहुतेक वेळा थोडे पाणी सुईने काढून तपासावे लागते. माणूस दगावतो तो बहुधा मूळ आजाराने आणि उशिरामुळे. दोष मात्र सुईवर येतो.

सुईत धोका अजिबात नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ती फुप्फुसाला लागली तर हवा निसटून छातीत कोंडते. म्हणून जागा नेमकी सापडणे महत्त्वाचे. डॉक्टर पाठीवर बोटाने ठोकून बघतात. पाणी असते तिथे आवाज बद्द येतो. ही जुनी रीत आजही उपयोगी आहे, पण सोनोग्राफीने जागा जास्त अचूक कळते.

सोनोग्राफीतही आवाजच असतो, फक्त आपल्या कानाला तो ऐकू येत नाही. तो शरीरात जातो, आतल्या भागांवर आदळून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटते. पाणी बहुधा काळे दिसते, सुई पांढऱ्या रेषेसारखी. हवेमुळे आवाज अडतो, म्हणून कातडीवर जेल लावतात. यात एक्स-रेसारखे किरण नसतात.

सुई टोचण्याआधी तेवढी जागा बधिर करतात. सुई बरगडीच्या वरच्या कडेने घालतात, कारण खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि नस असते.

आपण एवढे करावे :

• ‘सोनोग्राफीने जागा बघणार का?’ असे डॉक्टरांना विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.
• रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.
• खूण केल्यावर हलू नका. बसण्याची पद्धत बदलली की पाणीही सरकते.
• नंतर दम लागला किंवा छातीत दुखले तर लगेच कळवा.

टीबी निघाला तर सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात जमा होतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप किंवा श्वास घेताना छातीत दुखत असेल, तर घरी बसू नका.