शिमगा झाला, आता कौलांकडे बघा!

कोकणात थंडी सरून शिमगा आटोपला की घर शाकारायला घ्यावं. मे महिन्यात गडी शोधून सापडत नाही.

भर दुपारी दारं-खिडक्या लावून माळ्यावर जा आणि वर बघा. जिथून कवडसा येतोय, तिथून आषाढात धार लागणार. संशय आला तर मंगलोरी कौल बोटाने वाजवा: खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर चीर असणार. पन्हळीतला पालापाचोळा काढा, आढ्यावरच्या कौलांचं सिमेंट तपासा. वाळवी लागलेली रीप मात्र आधी बदला, नुसती कौलं बदलून पैसे वाया जातात.

चढलात तर पाय रिपेच्या रेषेवरच टाका, आणि खाली माणूस उभा ठेवा.