बाटली किती वेळात संपते

पहिल्या दिवशी मी पोचलो तेव्हा मालक गाडी धूत नव्हते, बादली भरत होते. पंप सुरू होता, गनला फोमची बाटली लावलेली होती, पण बाटलीत शाम्पू नव्हता, साधं पाणी होतं. दुसऱ्या हातात मोबाइलचं घड्याळ. त्यांनी गनचा घोडा दाबला. बादलीत दहा लिटरच्या खुणेपर्यंत पाणी चढलं आणि त्याच वेळी बाटली तळाला गेली. "एक मिनिट. दहातला एक," असं पुटपुटत त्यांनी शेडच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहिला. त्याच्या वर आधीच्या आठवड्यांचे आकडे होते, अर्धवट पुसलेले.

गडमुडशिंगीतून हुपरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं हे वॉशिंग सेंटर. एक रॅम्प, पत्र्याची शेड, बोअरच्या पाण्याच्या दोन टाक्या. एका अंगाला उचगाव आणि गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ आणि त्यापलीकडे गोकुळ शिरगावची एमआयडीसी. त्यामुळे इथं येणारा मळही चार तऱ्हेचा. कापडाच्या टेम्पोवर रस्त्याची धूळ. फाउंड्रीतून माल नेणाऱ्या ट्रकवर लोखंडाची बारीक भुकटी आणि काळी वाळू. दुधाच्या टेम्पोच्या हौद्यात आंबलेल्या दुधाचा चिकट थर. आणि गळीत हंगामात ऊस ओढणारे ट्रॅक्टर, ज्यांच्या चाकांना काळ्या रानाची माती सिमेंटासारखी वाळलेली असते. मी हंगामातल्या सहा सकाळी तिथं बसलो, ते एवढंच बघायला की पाण्याच्या आधी गाडीवर जे मारतात ते कशानं मारतात. गाडी धुणं म्हणजे पाण्याचा जोर, असं मीही समजत होतो. जोरानं सुटी माती जाते. तेल, धुराची काजळी, दुधाची चरबी जोरानं जात नाही. त्यांना आधी रसायनानं सैल करावं लागतं. ते रसायन किती, कुठं आणि किती वेळ, हे ठरवणारी चार-पाच साधनं म्हणजे या धंद्याची खरी हत्यारं. त्यांची ओळख गिऱ्हाइकाला नसते, आणि पुष्कळदा ती चालवणाऱ्या पोरालाही करून दिलेली नसते.

फोमची गन आधी घेऊ. दिसायला साधी: पितळी मुंडकं, खाली लिटरभराची बाटली, वर एक फिरकी. आत मात्र तीन गोष्टी आहेत. पंपाचं पाणी सुमारे सव्वा मिलिमीटरच्या भोकातून घुसतं. तिथं त्याचा वेग वाढतो आणि दाब पडतो. त्या पडलेल्या दाबामुळे नळीतून बाटलीतलं द्रावण वर ओढलं जातं आणि बाजूच्या भोकातून हवाही. मग हे सगळं स्टीलच्या तारेच्या घट्ट गुंडाळीतून जातं, तिला इथं जाळी म्हणतात, आणि तिच्यात पाणी, शाम्पू, हवा यांचा दाट फेस होतो. अरुंद वाटेत प्रवाहाचा दाब कमी होतो हे इटलीच्या जोव्हानी व्हेंच्युरीनं 1797 साली लिहून ठेवलं. त्याचं नाव आपल्याकडच्या शेतकऱ्याला चांगलं माहीत आहे. ठिबकच्या मेन लाइनला जी व्हेंच्युरी लावून आपण विरघळणारी खतं सोडतो, तीच ही. मालकांनी मला ती तशीच समजावली: "ठिबकला खत वढून घेती नव्हं? ही शाम्पू वढून घेती. बाकी काय फरक न्हाई."

फरक नाही, पण हिशेब आहे. बाटलीत शंभर मिली शाम्पू आणि नऊशे मिली पाणी घातलं, तर बाटलीतलं द्रावण दहा टक्क्यांचं झालं. गन जर दहात एक भाग ओढत असेल तर गाडीवर पडणारा फेस एक टक्क्याचा. तीच बाटली संपायला एकाऐवजी दोन मिनिटं लागली, तर गाडीवर अर्धाच टक्का पडला. शाम्पू तोच, पोरगा तोच, बाटलीतलं मापही तेच, आणि मळ निघत नाही. मग बहुतेक ठिकाणी काय करतात? बाटलीत दुप्पट शाम्पू ओततात. इथं आधी जाळी काढून बघतात.

कारण जाळी चोंदलेली असते. बोअरचं पाणी जड, शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन. त्यातला चुना साबणाशी लढतो, फेस कमी होतो, आणि गन न धुता ठेवली की तोच चुना तारेत बसतो. तार चोंदली की पुढची वाट अडते, मागचा दाब वाढतो आणि ओढ मरते. यावरचा उपाय स्वस्त आहे: संध्याकाळी बाटलीत स्वच्छ पाणी भरून अर्धा मिनिट गन चालवायची, आणि आठवड्यातून एकदा जाळी लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवायची. भिंतीवरचे ते खडूचे आकडे याच कामाचे. आकडा लांबला की जाळी निघते.

दुसरं साधन फोमची टाकी. स्टीलचं उभं पिंप, वर झाकण, दाबाचं घड्याळ, सेफ्टी व्हॉल्व्ह, एका बाजूनं कॉम्प्रेसरची हवा. दोन-तृतीयांश पाणी आणि शाम्पू, उरलेल्या जागेत हवा. तिचा फेस गनपेक्षा दाट आणि सावकाश उतरणारा, म्हणून ट्रकच्या उभ्या पाट्यांना ती बरी. तिच्यात ओढीचा प्रश्न नाही. जे टाकीत कालवलं तेच गाडीवर पडतं. म्हणूनच मापात चूक झाली तर ती एका गाडीपुरती राहत नाही, टाकी संपेपर्यंत प्रत्येक गाडीला लागते. या टाकीचं एक भय आहे आणि ते मी स्पष्ट लिहितो. झाकण उघडण्याआधी हवा पूर्ण सोडून घड्याळाचा काटा शून्यावर आला पाहिजे. दाबलेलं पाणी सुटलं तर ओलं करतं, दाबलेली हवा सुटली तर झाकण माणसाच्या तोंडावर मारते. इथं झाकणाला साखळी बांधली आहे आणि व्हॉल्व्हच्या दांड्याला लाल रंग दिला आहे. नव्या पोराला पहिल्या दिवशी गाडी दाखवत नाहीत, हा लाल दांडा दाखवतात.

तिसऱ्या सकाळी ऊसवाहतुकीचा एक ट्रॅक्टर आला आणि मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट दिसली: थांबणं. चाकांची माती आधी नुसत्या पाण्यानं उडवली. मग इंजिन गार व्हायला वेळ दिला. मग खालून वर असा फेस मारत नेला. वरून मारलं तर ओघळ कोरड्या भागावरून उतरतात आणि पट्टे पडतात, खालून मारलं तर खालचा भाग आधीच भिजलेला असतो. मग पंप बंद. चालकाला घाई होती, कारखान्यावर नंबर लागायचा होता. मालक हलले नाहीत. "पावणं, फेस बघून गिऱ्हाईक खूश हुतंय. पण मळ फेसानं न्हाई, थांबल्यानं निघतोय. पाच मिनिटं द्या." त्या पाच मिनिटांत पांढरा फेस पिवळा, मग तपकिरी होत खाली घसरताना मी बघितला. फेसाचं काम एवढंच की द्रावण उभ्या पत्र्यावर धरून ठेवायचं. पाणी ओघळून जातं, फेस टांगून राहतो. पण तो वाळता कामा नये. वाळला की त्यातले क्षार रंगावर डाग होऊन बसतात. म्हणून उन्हात पाच मिनिटांची तीन होतात, ढगाळ हवेत सात. हे कोणत्या डब्यावर लिहिलेलं नसतं. पत्र्याला हात लावून कळतं.

तिसरं साधन मुख्य पाइपला मधेच बसवायचा इंजेक्टर, तोही त्यांच्याकडे आहे. तो पंपाच्या पुढे बसतो. जोराचं बारीक नोझल लावलं की मागचा दाब इतका वाढतो की तो रसायन ओढत नाही; मोठ्या भोकाचं काळं नोझल लावून दाब पाडला की ओढू लागतो. बहुतेक ठिकाणी या नोझलांचे रंग ठरलेले असतात: लाल म्हणजे सरळ धार, मग पिवळा, हिरवा, पांढरा असा पंखा रुंद होत जातो, आणि काळा रसायनासाठी. याचा मोठा फायदा असा की रसायन पंपाच्या पोटात जात नाही. पुष्कळ सेंटरांवर पावडर किंवा कॉस्टिक सरळ पाण्याच्या हौदात कालवतात आणि पंपानं ओढतात. काम होतं, पण सील फुगतात, व्हॉल्व्हच्या बैठका खरवडतात, आणि वर्षभर चालणारा पंप दोन महिन्यांत ठिबकायला लागतो. मालक पूर्वी शेतातले फवारणीचे एचटीपी पंप दुरुस्त करायचे. आतून खाल्लेले प्लंजर त्यांनी इतके बघितले आहेत की या एका बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत.

आता चौथं साधन, ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला: पाठीवरचा बॅटरी पंप. शेतकऱ्याच्या घरातला सोळा लिटरचा. चाकं, चॅसी, इंजिनचा खालचा भाग यांना जे कडक रसायन लागतं ते यानंच मारतात, कारण तो स्वस्त आहे, गावात दुरुस्त होतो आणि कुणाकडून तरी मागून आणता येतो. मागून आणता येणं हीच अडचण. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा हे उसातला प्रत्येक शेतकरी जाणतो. टू-फोर-डीचा अंश राहिलेल्या पंपानं टोमॅटोवर औषध मारलं तर पानं वाकडी होतात. पण कॉस्टिकचा पंप वेगळा, ॲसिडचा वेगळा, ही शिस्त अजून आलेली नाही. करोनाच्या दिवसांत गावोगावी याच पंपांतून सोडियम हायपोक्लोराइट फवारलं गेलं आणि पितळी नोझल हिरवी पडून, रबर कडक होऊन ते मेले, हे तरी लोकांनी डोळ्यांनी बघितलं. हायपोक्लोराइट पावसाळ्यात भिंतीवरचं शेवाळ काढायला आजही वापरतात. ज्या पंपात ते होतं त्याच पंपात न धुता ॲसिड ओतलं, तर क्लोरीन वायू सुटतो. बंद शेडमध्ये तो फुप्फुसाला इजा करतो. इथं तीन पंप आहेत आणि तिघांच्या टाक्यांवर तीन रंगांचे पट्टे ओढले आहेत. एवढ्यानं काम भागतं.

माझा स्वतःचा अनुभवही सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सेंटरवर मी मोटारसायकल धुवायला दिली होती. खंडेनवमीचा आदला दिवस, रांग मोठी. पोरानं पाठीवरच्या पंपानं सगळ्या गाड्यांवर एकदमच काहीतरी मारून ठेवलं आणि एकेक धुवायला घेतली. माझा नंबर येईपर्यंत ऊन चढलं. इंजिनचं ॲल्युमिनियमचं झाकण काळपट झालं ते आजतागायत तसंच आहे. ते कॉस्टिक होतं. कॉस्टिक तेलकट मळ सैल करतं आणि म्हणून ट्रकच्या चॅसीला उत्तम, पण ॲल्युमिनियमला ते खातं. गाडीचं झालं त्याचं मला फार वाटलं नाही. त्या पोराची बोटं मला आठवतात. नखांच्या कडेनं कातडी पांढरी, भेगाळलेली. हातमोजे नव्हते, डोळ्यावर काही नव्हतं, आणि वाऱ्यानं उडणारा सगळा तुषार त्याच्याच तोंडावर येत होता.

अलॉय व्हील चकाकवणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. त्याबद्दल मालकांनी स्वतःहून सांगितलं की ते इथं येऊ द्यायचं नाही. सौम्य द्रावणाचा थेंब हाताला लागला तर लगेच भाजतही नाही. काही तासांनी कळ सुरू होते, तोवर ते कातडीखाली उतरून शरीरातलं कॅल्शियम बांधायला लागलेलं असतं. त्यावरचा कॅल्शियम ग्लुकोनेटचा मलम किती सेंटरांवर असतो? मी तरी एकाही ठिकाणी बघितला नाही. जे वापरायला मलम जवळ ठेवावा लागतो, ते दोनशे-तीनशे रुपयांच्या धुण्यासाठी वापरू नये, हे मालकांचं मत मला पूर्ण पटतं.

आणि मग हे सगळं पाणी जातं कुठं? रॅम्पखालून तीन कप्प्यांच्या खड्ड्यात. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, तिसऱ्यातून पाणी बाहेर. तेल तरंगलं तर डबड्यानं काढता येतं. पण रसायन जास्त पडलं, तर तेल पाण्यात दुधासारखं मिसळून जातं आणि तरंगतच नाही. तिन्ही कप्पे ओलांडून सरळ ओढ्याला लागतं. ओढा पंचगंगेला. नदीवरच्या फेसाचे फोटो आपण दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात बघतो. त्यात मोठा वाटा शहराच्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा आहे, हे खरंच आहे. तरीही बाटलीत ओतलेला दुप्पट शाम्पू कुठंतरी जातोच. मापाचा आग्रह मला म्हणूनच धंद्याच्या बचतीपेक्षा मोठा वाटतो. शाम्पूची ओढ कमी करायला फोमच्या गनची फिरकी अर्धा वेढा फिरवणं ही या रस्त्यावर नदीसाठी करता येणारी सगळ्यात सोपी गोष्ट आहे.

सहाव्या सकाळी मी निघताना मालक पुन्हा बादली भरत होते. मिनिटाला दहा सेकंद जास्त लागले. जाळी निघाली.

दसऱ्याला, पाडव्याला आपण सगळेच गाड्या धुवायला देतो. देताना "फेस जरा जास्त मार" असं सांगू नका. टाकीत काय आहे ते विचारा, पत्रा गार होईपर्यंत थांबा, आणि मारणाऱ्या पोराच्या हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा नसेल तर मालकाला तसं सांगा.