निधी ‘परत जातो’ म्हणजे कुठे जातो?

मार्च उजाडला की नाशिकच्या द्वारका चौकात दोन गोष्टी हमखास घडतात. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांत गुंततात (हे बाराही महिने होतं म्हणा), आणि त्या कोंडीत अडकलेल्या नाशिकरोडच्या रिक्षात पेपर चाळत कुणीतरी उसासा टाकतं, ‘‘एवढे कोटी परत गेले! पैसा नुसता पडून होता. साहेबांना खर्चता आला नाही, दिला मुंबईला धाडून.’’

रिक्षावाला मान डोलावतो, शेजारचाही डोलावतो. त्यांचं एकवेळ ठीक. पण ज्यांच्या सहीने बिलं कोषागारात जातात, त्यांच्यातही काहीजण हेच वाक्य बोलतात तेव्हा कपाळाला हात लावावासा वाटतो.

कारण पैसा मुंबईहून नाशिकला आलेलाच नसतो. राज्याचा महसूल आणि कर्जाची रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते, आणि कायद्याच्या आधाराविना त्यातून रुपयाही काढता येत नाही, असं घटनेचा अनुच्छेद २६६ सांगतो. तो आधार देतो विधिमंडळाने दरवर्षी मंजूर केलेला विनियोजन अधिनियम. त्यानंतर ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवरून विभागाकडून खाली आहरण व संवितरण अधिकाऱ्यापर्यंत जे उतरतं, तो असतो आकडा. काम झालं, मोजमाप पुस्तिकेत चढलं, बिल कोषागारात पास झालं, की मग पैसा निघतो. ३१ मार्चला त्या आकड्याची मुदत संपते. रेशनचा महिन्याचा कोटा उचलला नाही, तर आपल्या घरातल्या डब्यातून गहू परत जातात का? तसंच हे.

हा शब्दांचा कीस नाही. ‘पैसा हातात आहे आणि तो जाणार आहे’ असं वाटणारा अधिकारी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काय करतो? न झालेल्या कामासाठी रक्कम काढतो आणि बँकेच्या खात्यात ठेवून देतो. वर्तमानपत्रात निधी ‘वाचतो’. प्रत्यक्षात तात्काळ गरज नसताना कोषागारातून रक्कम काढायला नियमाने मनाई आहे, आणि अशा पडून राहिलेल्या रकमांवर महालेखापालांचे आक्षेप वर्षानुवर्षं येत आलेत. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम ६२ तर वर्षअखेरच्या खर्चाच्या घाईला सरळ वित्तीय औचित्याचा भंग म्हणतो.

उलट, खर्च होणार नाही हे दिसताच रक्कम वेळेत प्रत्यार्पित करणं, म्हणजे तरतूद सोडून देणं, हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. जानेवारी-फेब्रुवारीत सोडलेली तरतूद पुनर्विनियोजनाने दुसरीकडे वापरता येते. ३१ मार्चच्या रात्री सोडलेली कुणाच्याच कामाची नाही. म्हणजे ज्याने निधी ‘परत केला’ म्हणून बातमी छापून आली, तो कदाचित नियम पाळणारा एकटाच असेल.

साहेब नेहमीच निर्दोष असतात असंही नाही. प्रशासकीय मान्यता रखडते, तांत्रिक मान्यता रखडते, निविदेला प्रतिसाद येत नाही, जागेचा वाद निघतो. कधी तरतूदच इतक्या उशिरा उतरते की कामाला दिवस उरत नाहीत. दोष शोधायचा तर तो या तारखांत शोधावा. जिल्हा परिषदेचं गणित आणखी वेगळं: तिथे रक्कम परिषदेच्या स्वतःच्या निधीत जमा होते आणि खर्चाला पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत मुदत मिळते. तिथे निधी खरोखरच परत जाऊ शकतो. रिक्षातली चर्चा मात्र दोन्ही एकाच मापाने मोजते.

हा फरक निदान सही करणाऱ्याला तरी कळायला हवा. इथेच प्रशिक्षणाचा मुद्दा येतो आणि दुसरा गैरसमज डोकं वर काढतो: ‘हिशेबाला लेखा शाखा आहे, साहेबांनी फक्त सही करायची, प्रशिक्षण म्हणजे सरकारी सहल.’ सही करणारा आहरण व संवितरण अधिकारी त्या रकमेला व्यक्तिशः जबाबदार असतो. तो तहसीलदार असेल, ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर असेल. शस्त्रक्रिया शिकायला वर्षं लागली. लेखाशीर्ष कुणी शिकवलं? म्हणूनच राज्याने २०११ मध्ये प्रशिक्षण धोरण आणलं. पुण्याची ‘यशदा’ ही त्यातली शिखर संस्था. अभियंत्यांसाठी नाशिकमध्येच महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. दोन दिवसांच्या वर्गाने कुणी वित्त अधिकारी होत नाही, हे मान्य. पण न कळता केलेली सही नंतर वसुलीच्या नोटिशीत भेटू शकते.

बाकीचे गैरसमज फुटकळ. लेखापरीक्षण म्हणजे चोर पकडणं नव्हे. कॅग (नियंत्रक व महालेखापरीक्षक) शिक्षा देत नाही, त्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात जातो आणि पुढे लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते. पुरवणी मागण्या म्हणजे दरवेळी उधळपट्टी नव्हे. अनुच्छेद २०५ मध्ये त्यांची सोय आहे. आणि नाशिककरांचा लाडका प्रश्न, ‘नोटा आपल्याच नाशिकरोडला छापतात, मग कुंभमेळ्याला पैसे कसे कमी पडतात?’ त्या प्रेसमधून नोटा रिझर्व्ह बँकेकडे जातात. शहरातल्या कामांना लागते ती तरतूद, आणि द्वारकेहून निघालेली रिक्षा प्रेसच्या दारात पोचली तरी ती काही तिथे मिळत नाही.