झिनो पेट्रेल व तत्सदृश समुद्रपक्षी
पेट्रेल पक्ष्यांच्या प्रोसेलॅरीइडी कुलातील टेरोड्रोमा या प्रजातीत उडताना परस्परांपासून ओळखणे अतिशय कठीण असे पक्षी आहेत. उत्तर अटलांटिकमधील तीन जातींचा गट याचे ठळक उदाहरण होय : मदीरा बेटाच्या पर्वतांत वीण करणारा झिनो पेट्रेल (टेरोड्रोमा मदीरा), जवळच्याच बुजिओ बेटावरील डेझर्टा पेट्रेल (टे. डेझर्टा) आणि केप व्हर्द बेटांवरील फिआ पेट्रेल (टे. फिई). दक्षिण गोलार्धातील टे. मॉलिस या जातीच्या उपजाती म्हणूनच ते दीर्घकाळ गणले जात.

तिन्हींची पाठ करडी असून पसरलेल्या पंखांवर गडद नागमोडी पट्टा दिसतो; पोट पांढरे व पंखांची खालची बाजू काळपट असते. झिनो सर्वांत लहान असला, तरी उघड्या समुद्रावर तुलनेस दुसरा पक्षी नसल्याने आकाराचा अंदाज फसतो. वारा वाढला की उड्डाणाची ढबही बदलते, त्यामुळे तिच्यावर विसंबता येत नाही. चोच हे अधिक भरवशाचे लक्षण होय. झिनोची चोच बारीक, डेझर्टाची सर्वांत जाड व फिआची मध्यम असते. मात्र हालत्या नावेतून ती क्वचितच नीट दिसते. पंखाखाली फिकट पट्टा असल्यास पक्षी बहुधा झिनो असतो. पण काही झिनो पक्ष्यांत हा पट्टा नसतोच. विणीचे हंगाम भिन्न असल्याने पिसे झडण्याचा काळही भिन्न असतो. म्हणून दिनांकासह घेतलेले स्पष्ट छायाचित्र नुसत्या डोळ्यांच्या साक्षीपेक्षा श्रेष्ठ ठरते. तसे नसल्यास ‘फिआ किंवा झिनो’ एवढीच नोंद करण्याचा प्रघात आहे व तो प्रामाणिकही आहे.

रात्री जमिनीवर मात्र ओळख आवाजावरून पटते. झिनो पेट्रेल नामशेष झाला असे मानले जात होते. १९६९ मध्ये पॉल अलेक्झांडर झिनो यांनी बुजिओवरील पक्ष्यांचे ध्वनिमुद्रण एका स्थानिक मेंढपाळास ऐकविले. त्याने तो आक्रोशासारखा आवाज ओळखला व त्यावरून डोंगरकड्यांतील वीणस्थान सापडले. उंदीर व मांजरे हे तेथील मुख्य शत्रू होत. ऑगस्ट २०१० मधील वणव्यात पुष्कळ पिल्ले व काही प्रौढ पक्षी मेले. विणीच्या जोड्या सु. ६५ ते ८० इतक्याच असल्याने समुद्रावर झालेली एक चुकीची नोंदही या जातीच्या संचारक्षेत्राचे चित्र बदलू शकते.